रामशास्त्री हरले का?



आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांचं नाटुकलं बसवायचं काम यंदा माझ्या गळ्यात पडलंय. "तुला इतिहासाची आवड आहे ना, मग तूच लिही" असं म्हणून कमिटी मोकळी झाली. शिवाजी महाराज दोन वर्षं झाले, झाशीची राणी गेल्या वर्षी झाली. मी म्हटलं, रामशास्त्री प्रभुणे घेऊ. पात्रं थोडी, घोडे नकोत, तलवारी दोनच, शिवाय गोष्टही गणपतीतलीच. वीस मिनिटांत आटोपतं.

पहिल्या वाचनाला माझी नऊ वर्षांची लेक समोर बसली होती. रामशास्त्री राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सांगतात आणि वाडा सोडून निघून जातात, इथे माझा पडदा पडला. तिने विचारलं, "मग राघोबाला मारलं?" म्हटलं, नाही. "जेलमध्ये टाकलं?" नाही. "मग काय झालं?" तो पेशवा झाला. "म्हणजे रामशास्त्री हरले?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. लहानपणापासून ही गोष्ट आपण ऐकतो, पण ती त्या एका वाक्यापाशी थांबवतो. पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही. म्हणून गेले तीन आठवडे रात्री लेकीला झोपवून पुस्तकं चाळतोय. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो. मी इतिहासकार नाही, पोटापाण्याला कोड लिहिणारा माणूस आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

आधी घटना. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला गेले. धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला, वय सतरा. काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, याला त्याने शनिवारवाड्यातच नजरकैदेत ठेवलं. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस. पगार थकलाय म्हणून ओरडत गारदी वाड्यात घुसले. पोरगा धावत काकाकडे गेला, त्याला मिठी मारली, आणि तिथेच कापला गेला. अंगावर पडून वाचवू पाहणारा चापाजी टिळेकर हा सेवकही मेला. "काका, मला वाचवा" ही हाक आपल्या सगळ्यांच्या कानात आहे. ती नक्की तशीच उच्चारली गेली का, हे सांगायला तिथला कुणी निःपक्ष साक्षीदार उरला नाही.

मग राघोबादादा पेशवा झाला. साताऱ्याहून वस्त्रंही आली. घरातल्या घरात झालेला खून, मारेकरी वाड्याच्याच पगारावरचे, आणि ज्याच्यावर संशय तोच आता राज्याचा धनी. चौकशी कोण करणार?

रामशास्त्र्यांनी केली. ते माहुलीचे, साताऱ्याजवळचे. उशिरा काशीला जाऊन शिकले, १७५१ मध्ये पेशव्यांच्या पदरी आले आणि १७५९ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. आता इथे थोडं थांबून विचार करा. न्यायाधीश हा पेशव्याचा नोकर. त्याची नेमणूक पेशव्याने केलेली, पगार पेशव्याच्या खजिन्यातून. सत्तेचं विभाजन, स्वतंत्र न्यायसंस्था वगैरे गोष्टी तेव्हा नव्हत्या. आपल्या भाषेत सांगायचं तर सीईओवर गुन्ह्याचा आरोप आहे आणि त्याची चौकशी त्यालाच रिपोर्ट करणारा माणूस करतोय.

हा प्रसंग आपल्यापर्यंत आला तो मुख्यतः ग्रँट डफमुळे. सन १८१८ नंतर साताऱ्याला रेसिडेंट असलेला हा स्कॉटिश अधिकारी. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये छापला गेला. म्हणजे घटनेनंतर ५३ वर्षांनी. पुढे नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेतच त्याच्या चुकांवर सणसणीत टीका लिहिली, हेही खरं. पण रामशास्त्र्यांवर लिहिताना हा कोरडा साहेबही हळवा होतो. तो सांगतो की रामशास्त्र्यांनी मूळ कागद मिळवला. रघुनाथरावाने गारद्यांना नारायणरावाला 'धरावे' असा हुकूम दिला होता आणि आनंदीबाईने त्याचं 'मारावे' केलं. हाच तो ध चा मा.

एका अक्षराचा बदल! आपल्या धंद्यात एका अक्षराने काय काय कोसळतं हे ज्याला पहाटे तीन वाजता फोन आलाय त्याला सांगायला नको. फरक इतकाच की आपल्याकडे कुणी कधी काय बदललं याची नोंद राहते. मोडी कागदावर ती राहत नाही.

गंमत बघा, एकाच नवरा-बायकोने मराठीला दोन वाक्प्रचार दिले. राघोबादादाची १७५८ ची उत्तरेतली स्वारी म्हणजे 'अटकेपार झेंडा', आणि आनंदीबाईचा 'ध चा मा'. पराक्रम नवऱ्याच्या खात्यात, पाप बायकोच्या. मला हे पूर्वी कधी खटकलं नव्हतं, नाटुकलं लिहिताना खटकलं. कारण समजा तो कागद खरा, समजा बाईनेच अक्षर फिरवलं. तरी 'धरावे' हा हुकूम तरी कुठे निरागस आहे? गादीवर बसलेल्या पेशव्याला, स्वतःच्या पुतण्याला, भाडोत्री शिपायांकरवी पकडायचं हा राजद्रोहच झाला. हत्यारबंद माणसांना रागात आत सोडलं की पुढे काय होईल हे अटकेपर्यंत फौजा नेणाऱ्या माणसाला कळत नव्हतं? रामशास्त्र्यांना हे स्वच्छ दिसलं होतं. त्यांनी शिक्षा सांगितली ती रघुनाथरावाला. दोष बाईच्या लेखणीवर ढकलायचं काम नंतर आपण सगळ्यांनी मिळून केलं. माझ्या पहिल्या खर्ड्यातही आनंदीबाईच दात विचकून हसत होती. ते आता काढलंय. (जिला ती भूमिका दिली होती ती मुलगी खट्टू झालीय, तो वेगळा प्रश्न!)

आता ते वाक्य. परंपरा सांगते, आणि डफही सांगतो, की रघुनाथरावानेच विचारलं: या पापाला प्रायश्चित्त काय? आणि शास्त्रीबुवांनी उत्तर दिलं की तुमचा स्वतःचा प्राण देणं, याखेरीज दुसरं नाही. मी हे शंभरदा वाचलं असेल, पण 'प्रायश्चित्त' हा शब्द यंदा पहिल्यांदा नीट ऐकू आला.

माझा तर्क असा. न्यायाधीश म्हणून पेशव्याला शिक्षा देण्याचा अधिकार रामशास्त्र्यांना नव्हताच. राजाला दंड कोण करणार? पण राघोबाने प्रश्न धर्माच्या भाषेत विचारला. त्याला अपेक्षित असणार दान, ब्राह्मणभोजन, एखादी यात्रा, म्हणजे पैशाने निस्तरता येईल असं काहीतरी. धर्माचा असा उपयोग सत्ता नेहमीच करत आली आहे. शास्त्रीबुवांनी त्याच भाषेत उत्तर दिलं, फक्त पळवाट ठेवली नाही. नोकर म्हणून जे बोलता आलं नसतं ते शास्त्रज्ञ म्हणून बोलता आलं. ज्या अधिकाराचा आधार राघोबा स्वतःसाठी शोधत होता, तोच उलटून त्याच्यासमोर उभा राहिला.

शिक्षेची अंमलबजावणी करायला मात्र शास्त्रीबुवांकडे एक शिपाई नव्हता. त्यांच्या हातात एकच गोष्ट होती, आपण काय करायचं ती. तुम्ही कारभार करत आहात तोवर पुण्यात पाऊल ठेवणार नाही म्हणाले आणि वाईजवळच्या खेड्यात जाऊन राहिले.

प्रभातचा 'रामशास्त्री' चित्रपट (१९४४) ज्यांनी पाहिलाय त्यांना गजानन जागीरदारांचा आवाज आठवेल. दिग्दर्शक तेच, रामशास्त्री तेच आणि आनंदीबाई ललिता पवार. चित्रपट बघताना अंगावर काटा येतो. पण मला या वेळी भव्य दृश्याचा थोडा राग आला. भव्य केलं की ते आपल्या आवाक्याबाहेर जातं. रामशास्त्री म्हणजे कुणी महामानव, आपण साधी माणसं, आपला काय संबंध? टाळ्या वाजवायच्या आणि पार्किंगकडे जायचं.

खरी गोम डफच्या एका लहानशा नोंदीत आहे. रामशास्त्र्यांचा नियम होता म्हणे की घरात त्या दिवसाला पुरेल त्यापेक्षा जास्त काही ठेवायचं नाही. त्यांच्या बायकोची आख्यायिकाही तुम्हाला माहीत असेल: वाड्यातून दागिन्यांनी मढवून, पालखीतून तिला घरी पाठवलं आणि शास्त्रीबुवांनी भोयांना सांगितलं की घर चुकलात. लहानपणी मला हा माणूस तिरसट वाटायचा. (त्या बाईंना काय वाटलं असेल हे आजही कुणी विचारत नाही.) पण हिशेबाच्या दृष्टीने बघा. ज्याच्या घरात उद्याचंच धान्य नाही त्याच्याकडून काढून घेणार काय? 'नाही' म्हणायची तयारी त्यांनी १७७३ च्या आधी पंधरा-वीस वर्षं रोज केली होती.

त्याच्या उलट भीष्म. द्रौपदी भर सभेत विचारते की धर्मराज आधी स्वतःला हरले असतील तर मला पणाला लावायचा त्यांना हक्क कुठला. कायद्याचा प्रश्न आहे, अगदी काटेकोर. आणि सभेतला सगळ्यात ज्ञानी माणूस म्हणतो की धर्माची गती सूक्ष्म आहे, मला उत्तर देता येत नाही. बोलतो कोण? विकर्ण, कौरवांतलाच एक धाकटा भाऊ. आणि विदुर. पुढे युद्धाच्या आधी युधिष्ठिर नमस्काराला येतो तेव्हा भीष्म कारण देतात ते प्रतिज्ञेचं नाही. कौरवांच्या अर्थाने मी बांधलेला आहे, म्हणजे त्यांचं खाल्लंय, असं म्हणतात. इरावतीबाई कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये भीष्मांना फार सोडलेलं नाही. एवढा म्हातारा माणूस सेनापतिपद सोडत का नाही, हा त्यांचा प्रश्न मला अजून टोचतो. तारुण्यात एकदा मोठा त्याग केला की पुढची सगळी तडजोड त्या पुण्याईवर खपते, असं काहीसं भीष्मांचं झालं असावं.

आता तुम्ही म्हणाल, पुराणातली आणि पेशवाईतली वांगी आम्हाला कशाला? म्हणून जवळचं सांगतो. आणीबाणी २५ जून १९७५ ला लागली. तुरुंगात डांबलेल्या लोकांनी कोर्टात धाव घेतली. नऊ उच्च न्यायालयांनी त्यांची बाजू ऐकून घ्यायची तयारी दाखवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, एडीएम जबलपूर म्हणून ते ओळखलं जातं. न्यायमूर्ती हंसराज खन्नांनी अॅटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं की एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक सूडापोटी कुणाला ठार मारलं तर? आणीबाणी आहे तोवर त्यावरही दाद मागता येणार नाही, असं उत्तर आलं. भर कोर्टात. २८ एप्रिल १९७६ ला निकाल लागला, चार विरुद्ध एक. सरकार जिंकलं. तो एक म्हणजे खन्ना. निकालाआधीच त्यांनी बहिणीला सांगितलं होतं की याची किंमत सरन्यायाधीशपद असेल. तसंच झालं. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ असलेल्या बेग यांना नेमलं आणि खन्नांनी राजीनामा दिला.

त्या चौघांत आपले यशवंतराव चंद्रचूड होते, पुण्याचे, विद्वान, पुढे सर्वांत दीर्घकाळ सरन्यायाधीश. भगवतीही होते, ज्यांनी नंतर गरिबांसाठी जनहित याचिकांची दारं उघडली आणि २०११ मध्ये या निकालाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. म्हणजे वाईट माणसं नव्हेत हो. सभेत बसलेली चांगली माणसं. तो निकाल चुकीचा होता असं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं ते २४ ऑगस्ट २०१७ ला, आणि ते लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड म्हणजे यशवंतरावांचे चिरंजीव. महाभारतात शोभेल असा प्रसंग!

त्याच काळात, डिसेंबर १९७५ मध्ये, कऱ्हाडला साहित्य संमेलन होतं. अध्यक्षा दुर्गाबाई भागवत, महाभारतावर 'व्यासपर्व' लिहिणाऱ्या. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, केंद्रात मंत्री. जयप्रकाश नारायण तेव्हा मुंबईत जसलोकमध्ये गंभीर आजारी. दुर्गाबाईंनी सगळ्या मांडवाला उभं राहून जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावलं. ना घोषणा, ना शिवीगाळ. आजारी माणसासाठी प्रार्थना करायला बंदी कशी घालणार? पुन्हा तेच, धर्माची भाषा सत्तेसमोर उभी केलेली. माझे आजोबा त्या मांडवात होते. ते सांगायचे की उभं राहताना आधी आजूबाजूला कोण कोण उभं राहतंय ते बघितलं. आजोबा शिक्षक होते, सरकारी अनुदानित शाळेत. "उभा राहिलो, पण जरा उशिराच" असं हसत म्हणायचे. दुर्गाबाईंना पुढे १९७६ मध्ये अटक झाली.

आता माझी गोष्ट, थोडक्यात, कारण सांगताना बरं वाटत नाही. सहा वर्षांपूर्वी मी एका मोठ्या क्लायंटच्या बिलिंग सिस्टिमवर टेस्ट लीड होतो. रिलीजच्या आदल्या दिवशी एका प्रकारच्या खात्यांची व्याजआकारणी चुकत होती. मॅनेजरने अगदी गोड आवाजात सांगितलं की पुढच्या पॅचमध्ये दुरुस्त करू, आत्ता 'पास' लिही. माझं आय-१४० तेव्हा अडकलेलं, घराचं कर्ज नवीन, लेक तीन वर्षांची. मी 'पास' लिहिलं. दोन महिने लोकांना चुकीची बिलं गेली. पैसे परत दिले, कुणी मेलं नाही. पण चौकशी झाली तेव्हा दोष डेटा एंट्रीवर गेला आणि तिथली एक कंत्राटी बाई घरी गेली. मी मीटिंगमध्ये होतो. माझ्या लॅपटॉपवर तो रिपोर्ट उघडा होता. कुणी मला विचारलं नाही, आणि मी बोललो नाही. धर्माची गती सूक्ष्म आहे, दुसरं काय.

तेव्हा ध चा मा कुणी केला यावर मी यापुढे फारसा विनोद करणार नाही.

तर, रामशास्त्री हरले का? राघोबादादाचं पुढे काय झालं ते बघा. तो स्वारीवर बाहेर पडला आणि मागे सखारामबापू, नाना फडणीस वगैरे मंडळींनी बारभाईंचं कारस्थान रचलं. नारायणरावाची विधवा गंगाबाई गरोदर होती, तिला पुरंदरावर नेलं. १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवराव जन्मला आणि चाळीस दिवसांचा असताना पेशवा झाला. राघोबा पळत पळत सुरतेला इंग्रजांकडे गेला आणि मार्च १७७५ च्या तहात साष्टी-वसई देऊ करून बसला. ज्या वसईसाठी त्याच्या सख्ख्या चुलत्याने, चिमाजीअप्पाने, १७३९ मध्ये जिवाचं रान केलं होतं ती! त्यातून इंग्रजांशी सात-आठ वर्षांचं युद्ध झालं. साल्बाईचा तह १७८२ चा, आणि १७८३ च्या डिसेंबरात राघोबा कोपरगावला गेला, बिछान्यात. देहान्त प्रायश्चित्त कुणी दिलं नाही. शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव हा त्याचाच मुलगा.

म्हणजे काव्यात्म न्याय शोधणाऱ्यांची पंचाईतच आहे. पण बारभाईंना राघोबाविरुद्ध उभं राहायला जे बळ मिळालं त्यात त्या निकालाचा वाटा होता असं मला वाटतं. तो खुनी आहे ही बाजारगप्पा उरली नव्हती, राज्याच्या न्यायाधीशाने तोंडावर सांगितलेली गोष्ट होती. फौजेतल्या, कारकुनीतल्या कितीतरी माणसांना मग आपली बाजू ठरवणं सोपं गेलं असणार.

आणि रामशास्त्री परत आले. हे मला अजिबात माहीत नव्हतं. नव्या कारभाऱ्यांनी १७७४ मध्ये त्यांना बोलावून पुन्हा न्यायाधीश केलं आणि १७८९ मध्ये मरेपर्यंत ते काम करत राहिले. दाव्याचे कागद, वतनाची भांडणं, घराच्या वाटण्या. त्याच पुण्यात १७७७ पासून घाशीराम कोतवाल होता, नानाच्या मर्जीतला. त्याचं पाप फुटलं १७९१ मध्ये, शास्त्रीबुवा गेल्यावर दोन वर्षांनी. तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकाने ते आपल्या डोळ्यासमोर कायमचं उभं केलं. बारा वर्षं एकाच शहरात हा न्यायाधीश आणि तो कोतवाल. तेव्हा शास्त्रीबुवांना काय दिसत होतं आणि त्यांनी काय केलं, यावर कुणी नाटक लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. राघोबाला तोंडावर सांगणं एका दिवसाचं काम होतं. ही पंधरा वर्षं मला जास्त अवघड वाटतात.

नाटुकल्याचा शेवट आता बदललाय. रामशास्त्री निघून जातात, अंधार होतो, आणि परत उजेड येतो तेव्हा ते म्हातारे होऊन कागदांच्या ढिगाऱ्यात बसलेत आणि दोन शेतकरी बांधावरून भांडत आत येतात. कमिटीतल्या एका काकूंचं म्हणणं पडलं की हा शेवट पडेल आहे, टाळ्या येणार नाहीत. बरोबर असेल. लेकीला मी अजून उत्तर दिलेलं नाही. ती दुसऱ्या शेतकऱ्याचं काम करतेय, तिला चार वाक्यं आहेत, आणि ती म्हणते की न्याय तिच्याच बाजूने लागला पाहिजे.

तालीम शनिवारी आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या डोक्याला बसेल अशी पगडी कुणाकडे असेल तर लिस्टवर कळवा, मी येऊन घेऊन जाईन.

कळावे, लोभ असावा.